आजचे चिंतन : जुना व्हिडिओ गेम जळाला तेव्हा (गीता 2.62-63)



आपल्या क्रमाने आज दुसऱ्या अध्यायातले 62 आणि 63 हे दोन श्लोक. स्थितप्रज्ञाच्या लक्षणांमधले. अर्थ आपल्या साध्या भाषेत असा : एखाद्या गोष्टीचं मन सारखं चिंतन करत राहिलं की तिच्याशी संग जडतो. संगातून काम येतो, म्हणजे 'हे मला हवंच आणि मला हवं तसंच हवं'. ते अडलं की क्रोध. क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतीचा भ्रंश, त्यातून बुद्धीचा नाश, आणि बुद्धी गेली की माणूस हातचा गेला. मोजून आठ पायऱ्या.

मला या पायऱ्या शाळेपासून पाठ आहेत. गीता पाठांतराच्या स्पर्धेत बक्षीसही घेतलंय. आणि गेल्या रविवारी दुपारी मी त्यातल्या सात पायऱ्या दहा मिनिटांत उतरून आले. लिहायला लाज वाटतेय, पण न लिहिता या श्लोकांवर बोलणं म्हणजे नुसतीच पोपटपंची होईल.

आमच्या घरी एक जुना व्हिडिओ गेम आहे. होता. 1999 च्या दिवाळीत बाबांनी बोनसमधून आणलेला. जपानमध्ये 1983 साली निन्टेंडोचा फॅमिकॉम निघाला, त्याच्या बिननावाच्या नकला तेव्हा आपल्याकडे गल्लोगल्ली मिळायच्या, त्यातलाच हा एक. पांढरा-लाल डबा, दोन रिमोट (कंट्रोलर हा शब्द आम्हाला कुठे माहीत!), एक गन आणि पिवळी कॅसेट. चित्र आलं नाही की कॅसेट काढायची, फुंकर मारायची, परत लावायची. फुंकरीने काही होत नाही, उलट तोंडाच्या वाफेने पिना खराब होतात, हे खूप नंतर कळलं. चालायची ती परत नीट बसवल्यामुळे. पण आमची श्रद्धा फुंकरीवर.

बाबांना मारिओ जमायचा नाही. त्यांचा गेम एकच, टँकवाला, बॅटल सिटी. ज्यांनी खेळलाय त्यांना आठवेल, स्क्रीनच्या खाली मधोमध विटांच्या भिंतीत एक गरुड असतो. तो आपला तळ. तो फुटला की आपले कितीही टँक शिल्लक असले तरी खेळ खलास. बाबा त्या गरुडापासून हलायचेच नाहीत. म्हणायचे, "तू जा पुढे बिनधास्त. मी आहे इथे."

बाबा जाऊन आता चार वर्षं झाली. डबा मी माझ्या घरी आणला, फडक्यात गुंडाळून कपाटात वरच्या फळीवर ठेवला. खेळायचे नाही फारशी. दिवाळीत एकदा आणि बाबांच्या वाढदिवसाला एकदा. पण गेले दोन महिने काय झालं होतं, रात्री झोपताना मोबाईलवर जुन्या गेम्सचे व्हिडिओ बघायची सवय लागली होती. कोणी रंग कसा परत पांढरा केला, कोणी पिना कशा साफ केल्या. डोक्यात सारखा तोच डबा. मुलाला दहा वेळा बजावलं होतं, "त्याला हात लावायचा नाही. ते आजोबांचं आहे."

बघा, पहिली पायरी कशी असते. त्यात पाप वाटण्यासारखं काहीच नसतं. उलट मला तर ती पितृभक्ती वाटत होती.

रविवारी मी स्वयंपाकघरात होते. हॉलमधून 'चट्' असा आवाज आला आणि पाठोपाठ जळका वास. धावत गेले तर आमचे सहा वर्षांचे चिरंजीव टीव्हीसमोर डबा मांडून बसलेले. ॲडॅप्टर सापडला नाही म्हणून त्याने राउटरचा काढून लावला होता. पिन बसते तंतोतंत. पण आपला डबा 9 व्होल्टचा आणि राउटरचा ॲडॅप्टर 12 चा. त्यातून प्लस-मायनस उलटे. बटण दाबलं आणि संपलं.

मी काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. एवढं सांगते, "तुला काही किंमत आहे का कशाची?" हे एक वाक्य होतं. हात उगारला नाही, पण आवाज असा होता की उगारला असता तर बरं, असं त्याला वाटलं असेल. तो रडला पण नाही. भिंतीला टेकून नुसता बघत राहिला.

माझी आई त्या दिवशी आमच्याकडे होती. ती काहीच बोलली नाही. त्याला आत घेऊन गेली, बाहेर आली, माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला आणि म्हणाली, "ट्रान्झिस्टरच्या वेळी बाबांनी तुला काय विचारलं होतं गं?"

आणि मला आठवेना. खरंच आठवेना. दोन-तीन मिनिटं मी नुसती बसून होते.

मग आठवलं. मी आठ वर्षांची असेन. बाबांच्या वडिलांचा एक ट्रान्झिस्टर होता. रोज सकाळी बाबा त्याच्यावर आकाशवाणीची भक्तिगीतं ऐकत दाढी करायचे. गाणारी माणसं आत कुठे बसतात ते बघायला मी एका दुपारी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन तो उघडला, आणि आतल्या गुंडाळीची केसासारखी बारीक तार ओढून तोडली. ट्रान्झिस्टर मुका झाला. संध्याकाळी बाबा आले. त्यांनी बघितलं. पलंगावर बसले थोडा वेळ. मग म्हणाले, "हाताला कुठे लागलं नाही ना?" आणि पुढचा प्रश्न, "स्क्रू कुठे ठेवलेस?" आम्ही दोघांनी कॉटखालून स्क्रू शोधले आणि आमटीच्या वाटीत गोळा केले.

मंडळी, इथे मला तो सहावा शब्द कळला. स्मृतिभ्रंश. आजवर मी त्याचा अर्थ 'रागात माणसाला भान राहत नाही' एवढाच घेत होते. शंकराचार्य भाष्यात नेमकं सांगतात की ही स्मृती कोणती? शास्त्राने आणि आचार्यांनी आपल्यावर जे संस्कार केले, त्यांतून आलेली. ऐन वेळी ती जागी व्हायला हवी, आणि नेमकी तेव्हाच होत नाही. संमोहाबद्दल ते म्हणतात, रागाने मोहित झालेला माणूस गुरूलाही बोलायला कमी करत नाही.

माझे पहिले गुरू बाबाच की! त्यांची आठवण म्हणून मी डबा जपला, आणि त्या डब्यासाठी रागावले तेव्हा बाबांनाच विसरले. आठवण फळीवर फडक्यात होती. स्मृती मात्र जागेवर नव्हती. बाबांनी मला खरं जे दिलं होतं ते 'हाताला लागलं नाही ना?' या प्रश्नात होतं, आणि तो प्रश्न माझ्या मुलाला विचारायची पाळी आली तेव्हा मी तो विचारला नाही. विजेचा खेळ होता तो! धक्का बसला असता तर? दहा मिनिटं हा विचारही माझ्या मनात आला नव्हता. बुद्धिनाश याहून वेगळा काय असतो?

बॅटल सिटीत एक गंमत आहे, नवीन खेळणाऱ्याला ती माहीत नसते. तो गरुड शत्रूच्याच गोळीने फुटतो असं नाही. आपली स्वतःची गोळी लागली तरी फुटतो, आणि तेव्हाही गेम ओव्हरच. लहानपणी मी घाईत कितीदा तरी आपलाच गरुड उडवलाय. रविवारी पुन्हा उडवला.

मी आत गेले. त्याला विचारलं, "हाताला लागलं नाही ना रे?" मग तो रडला. रडत रडत म्हणाला, "मी तुझ्यासाठी लावून ठेवत होतो. तू बाहेर आलीस की आजोबांचा गेम सुरू असणार होता."

मी सॉरी म्हटलं. आईने मुलाला सॉरी म्हणावं का, यावर वाद घालणारे घालोत.

सोमवारी आम्ही दोघं डबा घेऊन तपकीर गल्लीत गेलो. एका छोट्या दुकानातल्या काकांनी तो उघडला, मीटर लावून बघितला आणि हिरव्या पट्टीवरचा एक काळा गोल ठिपका दाखवला. "ताई, सगळा जीव यात असतो. बाकीचं काही गेलं असतं तर बदललं असतं. हा गेला की नाही होत." पैसे घेतले नाहीत. मुलाने स्क्रू मुठीत धरून ठेवले होते, ते घरी येऊन वाटीत टाकले. परत येताना पासोड्या विठोबाचं दर्शन घेतलं. विठोबाला काय सांगायचं ते सुचेना, म्हणून नुसतीच उभी राहिले.

आता तुमच्यातले काही विचारतील, म्हणजे आवडती वस्तू जवळ ठेवायचीच नाही का? तर पुढचाच, 64 वा श्लोक वाचा. भगवंत वस्तू टाकून द्या म्हणत नाहीत. विषयांमध्ये वावरा म्हणतात, पण ओढ आणि चीड यांच्या ताब्यात न जाता. अशा माणसाला जे मिळतं त्याला 'प्रसाद' हा शब्द वापरलाय. मनाची प्रसन्नता. बाबांचं त्या ट्रान्झिस्टरवर प्रेम नव्हतं का? होतंच. तो त्यांच्या वडिलांचा होता. पलंगावर जे दोन मिनिटं गप्प बसले, ते काय उगाच? त्यांना दुःख झालं होतं. पण ते दुःख माझ्यापर्यंत राग होऊन पोचलं नाही. साधना याहून वेगळी काय असते मला माहीत नाही. त्यांना गीतेचे श्लोक पाठ नव्हते, हे विशेष.

ज्ञानेश्वरीत माउलींनी या ठिकाणी दिव्याचा दृष्टांत दिलाय. सोसाट्याच्या वाऱ्यात ज्योत विझावी तशी संमोहात स्मृती जाते. मला त्यात एक दिलासाही दिसतो. ज्योत विझली तरी तेल-वात कुठे जात नाही. कोणीतरी पुन्हा काडी लावावी लागते, इतकंच. रविवारी ते काम आईने केलं, एका प्रश्नाने.

म्हणून आजचा छोटा अभ्यास. क्रोध आवरायचा प्रयत्न आपण सगळेच करतो आणि सगळेच हरतो, कारण ती चौथी पायरी आहे. तिथे वेग आलेला असतो. आज पहिली पायरी बघा. दिवसभरात मन कुठल्या वस्तूभोवती पुन्हा पुन्हा फिरतंय? नवा फोन असेल, गाडीवरचा ओरखडा असेल, एखादी जुनी जपलेली गोष्ट असेल. फक्त ओळखा आणि कागदावर लिहा. आणि शेजारी एक नाव लिहा. ही वस्तू उद्या मोडली तर मी कोणावर ओरडेन? ते नाव लिहिताना हात थांबला, तर आजचे दोन श्लोक पोचले म्हणायचे.

डबा अजून टाकवत नाहीये, खरं सांगते. ई-कचऱ्यात द्यायचा ठरवलाय, पुढच्या आठवड्यात. पिवळी कॅसेट ठेवणार आहे. वाटीतले स्क्रू मात्र चिरंजीवांनी मागून घेतले, म्हणाले, "हे माझे." मी म्हटलं, घे बाबा.

उद्या 64 वा श्लोक सविस्तर बघू. पांडुरंगा, मोडलेलं दुरुस्त झालं नाही तरी चालेल, पण समोरच्याला लागलं नाही ना, हे आधी विचारायची बुद्धी दे.

राम कृष्ण हरी.