बाहीत काय आहे?

एखाद्याने गुप्त बेत तयार ठेवला असेल, तर इंग्रजीत म्हणतात, त्याच्या बाहीत काहीतरी आहे : ‘समथिंग अप हिज स्लीव्ह’. कपड्यांना आजच्यासारखे खिसे नव्हते, तेव्हा लोक रुंद बाहीत वस्तू ठेवत. वाक्प्रचार तिथूनच आला. पुढे जुगारी बाहीत पत्ते दडवू लागले आणि त्याला संशयाचा वास लागला.

1888च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत केप्लिंगर नावाचा जुगारी होता. त्याने कपड्यांच्या आत दोरीचं एक यंत्र बसवलं होतं. गुडघे फाकवले की बाहीतला चिमटा पुढे येई आणि पत्ता आत नेई. सोबतचे खेळाडूही पक्के लबाड. त्यांनी एकदा त्याला धरून झडती घेतली. यंत्र सापडलं. पण शिक्षा नाही. अट एकच, ‘आम्हालाही असंच बनवून दे.’ जॉन नेव्हिल मॅस्केलीन या ब्रिटिश जादूगाराने 1894च्या ‘शार्प्स अँड फ्लॅट्स’ या पुस्तकात हा किस्सा सांगितला आहे.

मग लपवणं हाच गुन्हा का? पत्ते तर प्रत्येकजण लपवतो. मॅस्केलीनचा धंदाही लपवण्याचाच. पण तिथे समोरच्याला माहीत असतं की काहीतरी लपवलेलं आहे, आणि त्याला ते मान्य असतं. बाहीतला एक्का मात्र दुसऱ्याला त्याच्या नकळत वेगळाच खेळ खेळायला लावतो.

मराठीत दोन्हींना शब्द आहेत. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ : आत काय ते कळत नाही, पण मूठ सगळ्यांना दिसते. आणि ‘अस्तनीतला निखारा’ : अस्तनी म्हणजे बाही. विश्वासाने जवळ ठेवलेलाच जाळतो.

समजा, दोन महिन्यांनी तू फ्लॅट सोडणार आहेस. रूममेटला सांगितलेलं नाहीस. तो तुझ्या निम्म्या वाट्याच्या भरवशावर हप्त्याने फ्रिज घेतोय. तू खोटं काहीच बोलला नाहीस. तरीही एक्का बाहीत आहे.

याउलट, लग्नाची घाई करणाऱ्या घरापासून एखादी मुलगी परीक्षेचा फॉर्म लपवते. तिच्या भरवशावर कुणी फसत नाही. ती स्वतःचंच आयुष्य वाचवते.

म्हणून ‘मी काय लपवतोय?’ एवढं विचारून भागत नाही. ‘माझ्या गप्प राहण्यावर विसंबून कोण काय पणाला लावतंय?’ हेही विचारावं लागतं. ‘सगळेच लबाड आहेत’ ही सबब केप्लिंगरच्या टेबलावरही होती. तिने खेळ सुधारला नाही. फक्त यंत्रं वाढली.