आमचं जाणं राहिलं

2025च्या जानेवारीत माझा भाचा नंदीग्राम एक्स्प्रेसने आदिलाबादहून मुंबईला गेला, तो कोल्डप्ले या बँडच्या कार्यक्रमासाठी. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर 18, 19 आणि 21 तारखेला त्यांचे कार्यक्रम होते. पुढे अहमदाबादला आणखी दोन. 2021च्या अल्बमसाठी 2022च्या मार्चमध्ये कोस्टा रिकातून निघालेला तो दौरा आता आपल्याकडे पोचला होता. भाचा परतला तेव्हा घसा बसलेला, डोळे तारवटलेले, चेहरा मात्र उजळलेला. किती तरी वेळ तो मनगटावरच्या पट्ट्यांबद्दलच बोलत होता. आत शिरताना प्रत्येकाला दिव्यांची एक पट्टी मिळते, गाण्याबरोबर सगळं स्टेडियम एका क्षणी लाल तर दुसऱ्या क्षणी निळं होतं, आणि निघताना ती पट्टी परत द्यायची असते. कोणत्या शहराने किती टक्के परत केल्या, तेही पडद्यावर दाखवतात.

त्याचा आनंद मला मोलाचाच वाटतो. हजारो अनोळखी माणसं एका ठेक्यावर येतात, तेव्हा माणसाला आपण एकटे नाही असं वाटतं. ही भूक खरी आहे. पण ‘परत’ हा शब्द ऐकला आणि मला आमच्याकडचा दौरा आठवला. त्याला तिकीट नाही, आणि त्याचा सगळा जीवच परतण्यात आहे.

तेलंगणातल्या आदिलाबादच्या राजगोंड आदिवासींची दंडार, म्हणजे नाचणाऱ्यांचा जथा, आश्विनी पौर्णिमेनंतर निघते. आधी ‘भोगी’. त्या दिवशी वाद्यांची आणि मोरपिसांच्या मुकुटांची पूजा होते. मग गावाची दंडार दुसऱ्या गावी मुक्कामाला जाते. ढोल, पेपरे, वीसतीस पुरुष, त्यांतले काही बाईच्या वेशात, आणि सोबत मुकुट घालून नाचणारे घुसाडी. दिवाळीनंतर ‘कोलाबोडी’ला सगळं उतरवलं जातं. घुसाडी जवळून पाहिला की अंगावर काटा येतो. अंगभर राख, तिच्यावर काळे ठिपके, कमरेला घुंगरं, खांद्यावर कातडं, हातात दांडका, आणि डोक्यावर तो प्रचंड मुकुट. या दिवसांत तो अंघोळ करत नाही. त्याच्या अंगी देव असतो, ही श्रद्धा आहे. उटनूरकडच्या एका गावात मी पहाटे पाहिलं होतं : नाच थांबला, आणि एका तरुण घुसाडीने दोन्ही हातांनी मुकुट उचलून खाटेवर ठेवला. मानेवर घामाने राखेचे ओघळ आले होते, कपाळावर काठाचा लाल वळ होता. यजमानाघरचा म्हातारा पुढे झाला आणि त्याने त्याला नाही, आधी मुकुटाला हात जोडले.

कलाकार आणि प्रेक्षक अशी फाळणी इथे नाहीच. पाहुणी दंडार येते ती पुष्कळदा सोयरिकीच्या गावी. पाय धुवायला पाणी, पंगत, रात्रभर नाच आणि सोंगं, आणि मधल्या वेळात मुलामुलींच्या लग्नाचं बोलणं. आज तुम्ही आलात, पुढे आम्ही येऊ. ही परतभेट झाली नाही तर पहिली भेट अर्धीच राहते. (या आतिथ्याचा स्वयंपाक बायका करतात आणि फिरायला पुरुष जातात, हेही लिहायला हवं. त्यांच्या कष्टांचा हिशेब कुठल्याच मुकुटात नाही.)

आणि ही गावं नकाशा मानत नाहीत. आज महाराष्ट्रात असलेले किनवट आणि राजुरा हे तालुके 1956पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. राज्यं बदलली, सोयरिकी राहिल्या. गोंडांच्या वंशकथा किकरी या तंतुवाद्यावर गाणारे इथले परधान घरात मराठी बोलतात. 2016ला तर आदिलाबादचेच चार जिल्हे झाले. मार्लवाई हे गाव आता आसिफाबाद जिल्ह्यात मोडतं. त्याच मार्लवाईत 1940च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ गोंडांच्या अभ्यासासाठी राहिले, आणि तिथलेच कनक राजू. घुसाडी नाचासाठी त्यांना 2021ला पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आम्हा सगळ्यांनाच ती आपल्या घरात आल्यासारखं वाटलं. 2024च्या ऑक्टोबरात, दिवाळी तोंडावर असताना ते गेले.

त्यांनी कित्येक पोरांना हा नाच शिकवला. पण त्या सन्मानानंतर आमचा एक गैरसमज झाला आहे, असं मला वाटतं. घुसाडी मंचावर आला म्हणजे घुसाडी टिकला, असं आपण धरून चाललो. मंत्र्यांचं स्वागत, महोत्सवातली सात मिनिटं, मग पुढचा गट. माणसाला मानधन मिळतं, नाव होतं, ते मिळायलाच हवं. पण तिथून कुणाच्या अंगावर परतभेट चढत नाही. पंगत नाही, रात्र नाही, सोयरीक नाही. नाच जशाचा तसा दिसतो, दंडार मात्र त्यात नसते. म्हणून किती कार्यक्रम झाले हे मोजण्यापेक्षा या दिवाळीत किती गावं एकमेकांकडे गेली, हे मोजावं. दंडारींना सरकारी अनुदान मिळतं, ते चांगलंच आहे. पण अडचण पैशाइतकीच दिवसांची आहे. सोयाबीन नुकतं निघालेलं असतं, कपाशीची पहिली वेचणी तोंडावर येते, मजूर मिळत नाही. कंपनीत लागलेल्या पोराला चार दिवसांवर सुटी मिळत नाही. दहा रात्री गाव सोडून फिरायचं कुणी? शाळा, कारखाने, कचेऱ्या यांच्या सुट्ट्या दंडारीचा विचार करून लागल्या, तर एका पुरस्काराने होणार नाही ते काम होईल. आणि पैनगंगेच्या अलीकडच्या-पलीकडच्या दोन्ही सरकारांनी ते मिळून करायला हवं, कारण दंडार दोन्ही तीरांवर जाते.

गेल्या दिवाळीत त्याच उटनूरकडच्या गावी गेलो. दंडार निघालीच नव्हती. वाद्यांची पूजा झाली होती, मुकुट आढ्याला टांगलेले होते. तोच म्हातारा ओट्यावर बसला होता. मी विचारलं, तसं तो माझ्याशी मराठीत बोलला.

“त्यांचं येणं झालं, बापू. आमचं जाणं राहिलं.”

मग त्याने बोटांवर गावं मोजली. दोन इकडची, एक किनवटकडचं. तिसऱ्या बोटावर थांबून म्हणाला, “तीन गावं अंगावर आहेत आमच्या.” आणि घरातल्या नातवाला हाक मारून त्याने विचारलं, पुढची पौर्णिमा कोणत्या तारखेला येते ते बघ.