प्रहाराची परिणामकारकता कशावर मोजावी?

मुष्टियुद्ध, कराटे आणि मुए थाई यांपैकी कोणती विद्या श्रेष्ठ, हे नियम बाजूला ठेवून ठरवता येत नाही. १८६७च्या क्वीन्सबेरी नियमांनी मुष्टियुद्धाला हातमोजे आणि तीन मिनिटांच्या फेऱ्या दिल्या. लाथ तिथे वर्ज्य. मुए थाईत कोपर आणि गुडघाही चालतो. क्योकुशिन कराटेच्या लढतीत चेहऱ्यावर ठोसा मारता येत नाही, म्हणून तिथला कसलेला खेळाडूही डोक्याच्या बचावात कच्चा राहू शकतो. खरा प्रतिकार करणाऱ्या जोडीदाराशी जी विद्या नेमाने झुंजवते, तीच अंगात मुरते.

पण परिणाम कशासाठी हवा? हा प्रश्न धर्माचा आहे आणि तो पहिल्यापेक्षा मोठा आहे. अमरावतीत १९१४ साली सुरू झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने आखाड्याची परंपरा जोपासली. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. त्यात कोणाला पाडायचे नव्हते. मारुतीला दैवत मानणाऱ्या आखाड्यात बळाला सेवेची जोड अपेक्षित असते. रिंगणातही मुष्टियोद्धा गुणांसाठी ठोसा मारतो, तिथे प्रतिस्पर्धी शत्रू नसतो.

बळ कशासाठी, या प्रश्नावर गांधीजींनी १९२०मध्ये भ्याडपणापेक्षा हिंसा पत्करावी असे लिहिले, मात्र क्षमा त्याहून श्रेष्ठ मानली. ही क्षमा प्रहार करू शकणाऱ्याचीच असते. दुर्बळाचे गप्प बसणे तिच्यात मोडत नाही.