टायरवरचा आकडा आणि आप्ताचा शब्द

टायरच्या कडेला उठवलेला आकडा हे शब्दप्रमाणच आहे. मोजमाप दुसऱ्याने केलेले असते आणि आपण त्याच्या शब्दावर पैसे देतो. असा शब्द कधी खरा मानावा, हा न्यायदर्शनातला जुना प्रश्न दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये अगदी रोकडा आहे. १९९७ साली सुरू झालेल्या या वसाहतीत कारखाने, गोदामे आणि कामगारांची निवासस्थाने एकाच हद्दीत आहेत. इथे सायकलने कामावर जाणाऱ्याला चुकीचा टायर म्हणजे बुडालेला दिवस. ‘२६ × १.५०’ आणि ‘२६ × १ १/२’ हे आकडे गणिताने सारखेच. पण पहिला टायर ५५९ मिलिमीटर व्यासाच्या रिमवर बसतो, दुसरा ५८४च्या. ‘२७ इंची’ टायरचा हाच व्यास ६३०, तर ‘२८ इंची’ म्हणूनही विकल्या जाणाऱ्या ७००सीचा ६२२! आणि आपल्याकडच्या जुन्या दणकट सायकलींचा ‘२८ × १ १/२’ त्याहून वेगळा, ६३५चा.

हे आकडे कोणी फसवण्यासाठी काढले नव्हते. मुळात आकडा हवा भरलेल्या चाकाच्या बाहेरच्या व्यासाचा असे. जाड टायरला लहान रिम, बारीक टायरला मोठी, म्हणजे बाहेरचे माप साधारण तेच राही. पुढे त्याच रिमवर बारीक टायर आले, चाक आटले, नाव मात्र तेच राहिले. वात्स्यायनांच्या न्यायभाष्यात ज्ञानाची कसोटी प्रवृत्तीच्या यशात आहे: त्या ज्ञानावर विसंबून केलेली कृती फळली, तर ते खरे. या कसोटीवर एकेकाळचा खरा आकडाही आज नापास होतो.

प्रत्यक्षाखेरीज दुसरे प्रमाण न मानणारा चार्वाक म्हणेल, शब्द हवा कशाला, जुना टायर नेऊन शेजारी धरून पाहा. पण ६२२ आणि ६३० यांतला आठ मिलिमीटरांचा फरक दुकानात लटकलेल्या टायरकडे पाहून कळत नाही. ६२२च्या रिमवर ६३०चा टायर चढतोही. हवेचा दाब वाढला की कडेवरून निसटतो. प्रत्यक्ष इथे उशिरा बोलते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: नाव हा संकेत, ज्याच्या त्याच्या समाजात तो चालतो, मग खोटे कसले? चालतो, सगळे एकाच संकेतात वाढलेले असतील तोवर. पण दुबईच्या या वसाहतीत गिऱ्हाईक एका देशातले, सायकल दुसऱ्या, दुकानदार तिसऱ्या. अशा ठिकाणी ‘आमच्याकडे यालाच अठ्ठावीस म्हणतात’ हे उत्तर पुरेसे नाही. वात्स्यायनांचा आप्त म्हणजे वस्तू स्वतः जाणून, जशी जाणली तशी सांगू इच्छिणारा. आणि हे लक्षण ते ऋषी, आर्य, म्लेच्छ सर्वांना सारखेच लावतात. म्हणून ओझे सांगणाऱ्यावर आहे, आणि ‘३७-६२२’ असा आंतरराष्ट्रीय प्रमाणाचा आकडा ते पेलतो: आधी रुंदी, मग रिमवर बसण्याचा व्यास.

यावरही कोणी म्हणेल, ३७ कुठे नेमके ३७ असते? खरेच नसते, रुंद रिमवर तोच टायर थोडा पसरतो. पण फोर्क आणि मडगार्डमध्ये जागा असेल तर ३७च्या जागी ४० चालून जातो, ६२२च्या जागी ६३० नाही. रोजच्या वापराचा टायर घेताना रुंदीत सवड घ्यावी, व्यासात मुळीच नाही. आणि दुकानदाराने इंच सांगण्याआधी जुन्या टायरवरचा तो तीन आकडी व्यास वाचावा.