डोंगरमाथ्यावरील दुसरे घर

डोंगरावर जमिनीचा एखादा तुकडा घ्यावा, त्यावर लहानसे घर बांधावे आणि सुट्टीचे चार दिवस तेथे निवांत काढावेत, ही इच्छा आज शहरांत राहणाऱ्या पुष्कळांच्या मनात घर करून आहे. ती वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. उन्हाची काहिली, रहदारीचा कोलाहल आणि कचेरीचा जाच वर्षभर सोसणाऱ्या माणसाला गार वारा व हिरवी दरी हवीशी वाटली, तर त्याला विलासी ठरविणे कठोरपणाचे होईल. आमचा प्रश्न त्यापुढचा आहे. जमीन कोठे घ्यावी हा विषय निघाला, की भाव, रस्ता, पाणी, देखावा आणि कागदपत्रे या पाच गोष्टींची चौकशी होते. व्यवहाराला एवढी चौकशी पुरते. विवेकालाही ती पुरेल काय, याचा विचार आम्ही येथे करू इच्छितो.

विचार अधांतरी राहू नये म्हणून एक प्रदेश डोळ्यांसमोर ठेवू. गोव्याहून बेळगावास जाणारा चोर्ल्याचा घाट आमच्या अनेक वाचकांच्या पायाखालचा आहे. गोवा, कर्नाटक व महाराष्ट्र ही तिन्ही राज्ये या परिसरात एकमेकांना भिडतात. घाट चढून गेले म्हणजे खानापूर तालुक्यातील कणकुंबी लागते. तेथे मलप्रभा उगम पावते, पूर्वेकडे वाहत जाते आणि कूडलसंगम येथे कृष्णेस मिळते. सौंदत्तीजवळ अडविलेले तिचे पाणी हुबळी-धारवाडचे लोक पितात. त्याच तालुक्याच्या रानांत म्हादई जन्मते; ती पश्चिमेकडे उतरते, सत्तरीतून वाहते आणि मांडवी या नावाने पणजीपाशी समुद्राला मिळते. एकाच डोंगररांगेवर पडलेल्या पावसाचा एक थेंब पूर्वसमुद्राच्या वाटेला लागतो, तर शेजारचा पश्चिमसमुद्राच्या. अशा ठिकाणी जमीन घेणारा मनुष्य दोन नद्यांच्या उशाशी घर बांधीत असतो, मग ही गोष्ट खरेदीखतात लिहिलेली असो वा नसो.

अशा मुलखात जागा शोधणाऱ्याच्या मनात प्रथम भरतो तो सडा. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरील जांभ्या दगडाचे सपाट पठार. तेथे झाडे तोडावी लागत नाहीत, सपाटीकरणाचा खर्च नाही, आणि दृष्टीला कोठे अडथळा नाही. उन्हाळ्यात सडा करपलेला व निरुपयोगी दिसतो. ‘पडीक’ हा शब्द सहज तोंडी येतो. परंतु हाच सडा पावसाळ्यात पाहावा. गेंद आणि सीतेची आसवे यांच्या फुलांनी तो भरून जातो, धनगर-गवळ्यांची गुरे त्यावर चरतात. आणि या दिसणाऱ्या गोष्टींहून मोठे काम तो न दिसता करीत असतो. जांभा सच्छिद्र आहे. मृगापासून हस्तापर्यंतचे पाणी तो पोटात घेतो आणि पुढे कित्येक महिने उताराच्या झऱ्यांवाटे थोडेथोडे सोडीत राहतो. त्या झऱ्यांच्या आधारावर खालच्या वाड्यांची कुळागरे उभी असतात. सुपारी, केळी, मिरी ही सारी त्या संथ दानावर जगतात. माथ्यावर खोल कूपनलिका खोदून पाणी उपसले, तर खालचा झरा आटू शकतो. शौचकूपाचे बांधकाम निष्काळजीपणाने झाले, तर मैला दगडाच्या त्याच छिद्रांतून खालच्या माणसाच्या घागरीपर्यंत पोहोचू शकतो. जी जागा बांधकामाला सर्वांत सोयीची दिसते, तीच बहुधा बांधकामाला सर्वांत अयोग्य असते, असा हा प्रकार आहे.

यातून मालकीविषयी एक जुना प्रश्न नव्याने उभा राहतो. खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेल्या असतात आणि त्यांच्या आत काय करावे हा मालकाचा अधिकार, असे आपण समजतो. सपाटीवरील जमिनीला हा समज पुष्कळ अंशी चालून जातो. डोंगरावर तो लंगडा पडतो. कारण पाणी, माती आणि अग्नी यांना चतुःसीमा माहीत नाहीत. सपाटीवरच्या घराला चार बाजूंचे चार शेजारी. डोंगरावरच्या घराला उताराखालची सारी वस्ती शेजारी. जितके उंच जावे तितके शेजार वाढते, आणि नेमके तेथेच शेजाऱ्यांची घरे दृष्टीआड असतात. एकांत विकत घेतला असे ज्याला वाटते, त्याने वास्तविक पुष्कळांची जबाबदारी अंगावर घेतलेली असते.

कायदा याचा निवाडा करील असे कोणी म्हणेल. कायदे आहेत, आणि ते हवेतच. मुंबई इलाख्यात 1948 साली झालेल्या कूळकायद्याच्या 63 व्या कलमाने, जो शेतकरी नाही त्याला शेतजमीन घेण्यास महाराष्ट्रात आजही परवानगीवाचून मनाई आहे. कर्नाटकात तशीच अट होती; ती 2020 साली काढून टाकण्यात आली. म्हणजे एकाच डोंगराच्या एका अंगाला जे निषिद्ध, ते दुसऱ्या अंगाला राजरोस. डोंगर मात्र एकच आहे आणि झराही एकच. राज्याची हद्द ओलांडली म्हणून एखादे कृत्य नीतिदृष्ट्या निर्दोष होत नाही. कायदा फार तर अधिकार कोठे संपतो हे सांगतो. औचित्य त्याच्या पुष्कळ अलीकडे संपलेले असू शकते.

येथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. विकणारा शेतकरी आपखुषीने विकतो. त्याला मुलीचे शिक्षण करावयाचे असते, कर्ज फेडावयाचे असते, किंवा नाचणी-भातात पोट भरत नाही म्हणून शहर गाठावयाचे असते. शहरात सुखाने राहणाऱ्यांनी त्याला ‘तू डोंगर राख’ असे सांगणे हा ढोंगीपणा नव्हे काय? आम्हाला या आक्षेपात मोठे तथ्य दिसते. गरजवंताला त्याच्या वस्तूचा भाव मिळू नये, असे कोणताही न्याय म्हणणार नाही. परंतु विक्रीच्या कागदावर एकाची सही असते, आणि त्या जमिनीवर जगणारे अनेक असतात. गुरे चारणारा, सरपण वेचणारी, देवाच्या वाटेने जाणारा, खालच्या झऱ्याचे पाणी भरणारी, यांपैकी कोणालाही भावाचा एक पैसा मिळत नाही. त्यांना मिळते ते कुंपण. सत्तरीत तर पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणाऱ्या अनेक कुटुंबांचे नाव मालकीच्या कागदावर चढलेलेच नाही. 2021 च्या जानेवारीत मेळावलीच्या लोकांनी नियोजित शिक्षणसंस्थेच्या जागेविरुद्ध जो लढा दिला, त्याच्या मुळाशी हीच वेदना होती.

आपल्या पूर्वजांना हे भान अगदीच नव्हते असे नाही. गोव्याच्या गांवकरीत, जिला पोर्तुगीज अमदानीत कोमुनिदाद हे नाव रूढ झाले, गावची जमीन समाईक असे. ती कसावयास देऊन जे उत्पन्न येई, त्यातून गावाची कामे भागवून गांवकऱ्यांना झोण वाटला जाई. देवराईतील लाकूड तोडू नये, हा दंडक डोंगराडोंगरांवर पाळला गेला. या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिचे अन्याय विसरू नयेत. स्त्रिया आणि गांवकर नसलेले कष्टकरी तिच्या हक्कांबाहेर राहिले. तरीही जमिनीचा उपभोग आणि जमिनीशी असलेले कर्तव्य या दोन गोष्टी एकमेकींपासून तोडता येत नाहीत, हे तत्त्व तिने जपले होते. डोंगरमाथा हे करमणुकीचे स्थान आहे ही कल्पना आपल्याकडे बव्हंशी इंग्रजांनी रुजविली. 1828-29 च्या सुमारास गव्हर्नर माल्कमने महाबळेश्वरी वसाहत वसविली आणि 1850 साली ठाण्याचा कलेक्टर मॅलेट माथेरानावर पोहोचला. उपभोगाचा तो वारसा आपण उचलला. त्याची फळे अशी, की महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर 2001 साली आणि माथेरानचा 2003 साली संवेदनशील म्हणून जाहीर करण्याची पाळी आली.

दुसऱ्या घराच्या बाबतीत आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. त्याचा मालक बहुधा तेथे नसतो. 2014 च्या जुलैत माळीणवर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. ज्यांचे घर एवढे एकच होते, ती माणसे गेली. डोंगराच्या कोपाला कारणे अनेक असतात, आणि प्रत्येक वेळी दोष कोणा एकावर टाकणे अन्यायाचे होईल. परंतु उताराचा पायथा रस्त्यासाठी कापणारा जर संकटाच्या रात्री शंभर मैलांवर निजलेला असेल, तर धोका एकाचा आणि सुख दुसऱ्याचे अशी वाटणी झाली, हे नाकारता येत नाही. मालक नसलेल्या घरांचा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. पर्यटनावर पुष्कळ कमाई करणाऱ्या स्वित्झर्लंडने 2012 साली सार्वमत घेऊन अशी घरे कोणत्याही गावात एकंदर घरांच्या वीस टक्क्यांहून अधिक नसावीत, असे ठरविले. बहुमत काठावरचे होते. पण बंद खिडक्यांचे गाव हे गाव राहत नाही, एवढे त्या लोकांना उमगले.

मग काय करावे? आमचे उत्तर साधे आहे. शक्यतो विकत घेऊच नये. पाहुणा म्हणून जावे आणि गावातल्या घरी उतरून योग्य मोबदला द्यावा. घ्यावयाचेच असेल, तर माथा, सडा, देवराई आणि जंगलाची कड सोडून द्यावी, आणि वस्तीतले एखादे ओस पडलेले घर घेऊन ते दुरुस्त करावे. जागा पाहावयास श्रावणात जाऊ नये, वैशाखात जावे. त्या महिन्यात गावाची विहीर कोठे टेकली आहे ते पाहावे आणि आपण एक तोंड वाढविले तर तिला झेपेल काय, हे तेथल्या बायकांना विचारावे. आपल्या जागेतून कोण कोण ये-जा करते ते समजून घ्यावे आणि ती वाट मोकळी ठेवावी.

या कसोट्यांना उतरणारी जागा थोडी उंची आणि थोडा देखावा कमी देईल. तेवढ्या देखाव्याचा लोभ सोडण्याची ज्याची तयारी आहे, तो डोंगरावर राहावयास लायक झाला असे आम्ही समजतो. ज्याची तयारी नाही, त्याला डोंगर आवडत नसून डोंगरावरून दिसणारे आपलेच मोठेपण आवडते, असे खेदाने म्हणावे लागेल.