पिल्लाची आई कुठे आहे?

मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात पिंजऱ्यातले पिल्लू दिसले की पाय आपोआप थबकतात. पण त्याला जन्म देणारी कुत्री तिथे कधीच नसते. तिची किती वेते झाली, ती कुठे बांधलेली असते, हे गिऱ्हाईक विचारत नाही आणि विक्रेत्याला माहीत असतेच असे नाही. प्राणीविक्रीतली खरी क्रूरता दुकानात येण्याआधीच घडून गेलेली असते.

आपल्या नियमांना हे ठाऊक आहे. २०१७ च्या श्वानप्रजनन नियमांनुसार कुत्री १८ महिन्यांची होण्याआधी तिची पैदास करता येत नाही आणि आयुष्यभरात ५ पेक्षा जास्त वेते घेता येत नाहीत. २०१८ च्या नियमांनी दुकानदाराला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची केली आणि ८ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकायला मनाई केली. पण हे नियम ज्या १९६० च्या कायद्यावर उभे आहेत, त्यात प्राण्याला क्रूरपणे वागवल्याच्या पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. एकेक पिल्लू हजारो रुपयांना विकणाऱ्याला या रकमेचा धाक कसा वाटावा?

मग दुकानातली विक्रीच बंद करावी का? फ्रान्सने २०२४ पासून कुत्र्यामांजरांची दुकानातली विक्री थांबवली. पण आपल्याकडे पुष्कळसे व्यवहार फोनवरच ठरतात. नुसते दुकान बंद केले तर धंदा तपासनिसाच्या नजरेआड जाईल आणि नियम पाळणारा दुकानदार तेवढा भरडला जाईल.

इंग्लंडने २०२० मध्ये अधिक नेमकी वाट धरली. ६ महिन्यांच्या आतले पिल्लू मध्यस्थाला विकता येत नाही. पैदास करणाऱ्याने ते जन्मल्या जागी, आईसह दाखवावे लागते. जिला लपवून हा धंदा चालतो, तिलाच हा कायदा समोर आणतो.

महाराष्ट्राने हेच सूत्र धरावे. प्रत्येक विक्रीच्या पावतीवर पैदास करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक हवा, मंडळाकडे पैदास केंद्रांवर जाऊन तपासणी करणारी पुरेशी माणसे हवीत आणि संसदेने दंड काळाला साजेसा करायला हवा. गिऱ्हाइकाचेही कर्तव्य आहेच. आई दाखवायला जो तयार नाही, त्याच्याकडून पिल्लू घेऊ नये. मुक्या जिवाला तक्रार नोंदवता येत नाही. म्हणून त्याच्या वतीने विचारणे हे शासनाचे आणि आपलेही काम आहे.