मोडलेले सोने

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात घराची झाडझूड करताना माळ्यावर माझ्याच एका कादंबरीच्या न खपलेल्या प्रतींचा गठ्ठा सापडला. सुतळी जशीच्या तशी होती; उंदरांनीसुद्धा वाचायची तसदी घेतली नव्हती. मी शिडीवरच बसून राहिलो. पंचेचाळिशी आली, आपण मिळवले काय?

शाळामास्तराजवळ या प्रश्नाचे उत्तर तयार असते. माझे विद्यार्थी! अमका तहसीलदार झाला, तमका डॉक्टर झाला. पण हे उत्तर मनाशी घोळवताना माझी मलाच शरम वाटली. दुसऱ्याच्या पागोट्यातला तुरा आपल्या डोक्यावर मिरवण्यातलाच तो प्रकार. शिवाय जे कोणीच झाले नाहीत, त्यांना शिकवले ते का वाया गेले?

अशा वेळी मला लक्ष्मीबाई पाटील आठवतात. भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढली. पुढे १९२४ पासून साताऱ्याच्या वसतिगृहात नाना जातींची मुले एका पंगतीला बसू लागली. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले, अखेर मंगळसूत्रही मोडले. १९३० साली त्या वारल्या. साताऱ्याचे छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले ते १९४७ साली. संस्थेचा वटवृक्ष त्यांनी पाहिलाच नाही. मग मंगळसूत्र उतरवताना त्यांच्या डोळ्यांपुढे काय असेल? मला वाटते, पिठाचा रिकामा डबा आणि भुकेली पोरे. दुसरे काही नाही.

कोणी म्हणेल, बायकांनी सोने मोडायचे आणि नाव दुसऱ्याचे व्हायचे, हे कौतुक आता पुरे! आक्षेप खरा आहे. त्यागाचा उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. मी एवढेच म्हणतो, की त्या भाकरीला अर्थ यायला पुढच्या महाविद्यालयाची गरज नव्हती. ते निघाले नसते, तरी त्या रात्री पोरे जेवून झोपली, हे कोणाला पुसता आले नसते.

माझ्या वर्गात एक मुलगा आहे. वजाबाकीत हातचा घ्यायला तो अजून विसरतो. तो तहसीलदार होईलसे वाटत नाही. सुट्टी संपली की त्याला हातचा पुन्हा शिकवायचा आहे.

गठ्ठा परत ठेवला. वाईट वाटले नाही असे नाही. पण खालून हाक आली, "अहो, पणत्या भिजत घालायच्या आहेत ना?" मी शिडी उतरलो.